कांचेच्या समुद्रांतील शेवाळ

घरांतील शोभेच्या टांकींत शेवाळ माजलें तर टांकी घांसून काढावी, त्यासाठीं नभोवाणीवर भाषण कशाला, असा प्रश्न आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. मीहि एके काळीं असेंच म्हटलें असतें. परंतु खारें पाणी, जिवंत पोंवळीं आणि त्यांच्यामधून हिंडणारे मासे यांची टांकी म्हणजे विहिरीवरची दगडी कुंडी नव्हे. तींतील शेवाळ घांसून जात नाहीं. आणि तें जावें म्हणून मीं जी घाई केली, तिच्यापायीं माझीं निम्मीं पोंवळीं मेलीं.

लंडनमध्यें आमचें बिऱ्हाड होतें त्या वेळची ही हकीकत आहे. तेथें टांक्यांत वाढविलेल्या पोंवळ्यांचे लहान लहान तुकडे विकत मिळतात. असे बारा तुकडे मीं हळूहळू जमविले. (आपल्याकडे कठीण सांगाड्याच्या पोंवळ्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, तेव्हां मालवणच्या खडकावरून एखादा तुकडा घरीं आणण्याचा विचार कोणीं मनांतहि आणूं नये.) टांकी २०० लिटरांची होती. पहिल्या महिन्यांत वाळूवर आणि कांचेवर तपकिरी भुकटी पसरली. हें डायाटम नांवाचें अतिसूक्ष्म शेवाळ. पाण्यांतील सिलिकेटाच्या आधारानें तें वाढतें, नव्या टांकींत बहुधा येतेंच, आणि कांहीं आठवड्यांनीं आपोआप ओसरतें. मीं कांहीं केलें नाहीं, तें गेलें, आणि आपणांस या विषयांतलें सर्व कळतें असा माझा समज झाला.

पांचव्या महिन्यांत खडकांवर हिरवे केंस उगवले. प्रथम नखाएवढे, मग बोटभर. पंपाच्या प्रवाहाबरोबर ते डोलत, आणि परक्यास ती हिरवळ सुंदरहि वाटे. परंतु त्या केंसांत माशांची विष्ठा आणि खाद्याचा चुरा अडके, आणि ते पोंवळ्याच्या कडेला भिडले कीं पोंवळें आपलें अंग आंत ओढून घेई. उजेड न मिळालेलें पोंवळें उपाशी राहतें. कारण त्याच्या अंगांत एक सूक्ष्म शेवाळ वस्तीस असतें. तें उजेडांत अन्न तयार करतें आणि त्यांतला बराच मोठा वांटा पोंवळ्यास देतें. ज्याच्याशीं वैर मांडावयाचें त्याच्याच भाऊबंदांवर हा जीव पोसलेला आहे, ही गोष्ट मला पुस्तकांतून ठाऊक होती. तिचा अर्थ मात्र उशिरां कळला.

त्या दिवसांत माझी आई सहा महिन्यांसाठीं पुण्याहून आमच्याकडे आली होती. परदेशांत तिला ना शेजार, ना देऊळ. सकाळीं देवपूजा आटोपली कीं ती टांकीसमोर खुर्ची घेऊन बसे आणि माशांना चिमूट चिमूट खाद्य घाली. मासे तिला ओळखूं लागले होते. ती दारांतून आली कीं कांचेपाशीं गर्दी करीत. शेवाळ नायट्रेट आणि फॉस्फेट यांवर पोसतें, हीं द्रव्यें माशांच्या खाद्यांतून पाण्यांत येतात, एवढें मीं वाचलें होतें. एके दिवशीं कामावरून थकून आलों, टांकी पाहिली आणि बोलून गेलों, “आई, तूं त्यांना इतकें खायला घालतेस, म्हणून हें सगळें असें झालें.” “बरें, नाहीं घालीत,” एवढेंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती खुर्ची भिंतीपाशीं गेली.

खाद्य दिवसाआड केलें. शेवाळ हटलें नाहीं. चाचणीच्या नळीनें पाणी तपासावें तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट नांवाला. या आंकड्यांनीं पुष्कळ माणसें फसतात. शेवाळ माजलेल्या टांकींत पाण्यांत द्रव्य सांपडत नाहीं, कारण तें येतें न येतें तोंच शेवाळ तें गिळून टाकतें. जमाखर्चाची वही कोरी दिसते, आणि माल मात्र खडकावर उभा असतो.

आई परत गेल्यावर एका रविवारीं, केवळ चाळा म्हणून, तीच चाचणी मीं स्वयंपाकघरांतील नळाच्या पाण्यावर केली. लिटरमागें सुमारें ३ मिलिग्रॅम फॉस्फेट! ब्रिटनमधील जुन्या घरांतून अजून शिशाच्या नळ्या आहेत; शिसें पाण्यांत उतरूं नये म्हणून तेथील पाण्यांत मुद्दाम फॉस्फेट मिसळतात. पिणाऱ्यास त्याचा अपाय नाहीं आणि व्यवस्था शहाणपणाची आहे. पण टांकींतून रोज दोन लिटर पाण्याची वाफ होई, आणि तेवढी भर मी नळाच्या पाण्यानें घालीत असें. वाफ पाण्याची होते, फॉस्फेटाची होत नाहीं. दोन लिटरांत ६ मिलिग्रॅम. तें २०० लिटरांत वांटलें कीं लिटरमागें रोज ३ शतांश मिलिग्रॅमची भर. पोंवळ्यांच्या टांकींत एकूण फॉस्फेट ३ ते १० शतांशांच्या आंत असावें असें जाणते सांगतात. म्हणजे एका दिवसाच्या भरीनें मी अख्ख्या टांकीस पुरेल एवढें खत ओतीत होतों, आणि दोष आईच्या चिमटीस देत होतों.

उपाय सांगतों. प्रथम पाणी. आर्. ओ. यंत्रांतून काढून पुढें क्षारशोषक राळेवरून नेलेलें, क्षारमापकावर शून्य दाखविणारें पाणीच भरीस घालावें आणि मीठहि त्यांतच कालवावें. नंतर हातांनीं उपटणें: दांत घांसण्याचा जुना ब्रश, नळी आणि बादली. उपटलेलें बाहेर काढलेंच पाहिजे; टांकींत कुजलें तर केलेलें सर्व परत पाण्यांत जातें. आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावें. आणि धीर धरावा, कारण चुनखडीचे खडक फॉस्फेट शोषून ठेवतात आणि पाणी स्वच्छ झालें कीं तें महिनोन्महिने परत सोडतात.

मग चरणारे जीव. मीं सहा टर्बो गोगलगाई आणल्या. याचें महत्त्व समुद्रानेंच एकदां मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलें आहे. कॅरिबियन समुद्रांत काळ्या लांब कांट्यांचा डायाडेमा नांवाचा सी-अर्चिन खडकांवरचें शेवाळ खरडून खात असे. १९८३ सालीं पनामाजवळ एका रोगानें तो मरूं लागला, आणि सुमारें वर्षभरांत त्या समुद्रांतील शेंकडा ९० हून अधिक डायाडेमा नाहींसे झाले. जमेकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे आधींच फार धरले गेले होते, १९८० च्या चक्रीवादळानें पोंवळीं मोडलीं होतीं. आतां चरणारा कोणी उरला नाहीं. १९७० नंतरच्या दशकाअखेर जेथें निम्म्याहून अधिक तळ जिवंत पोंवळ्यांनीं झांकलेला होता, तेथें १९९० नंतर शेंकडा ५ सुद्धां उरला नाहीं. बाकी बहुतेक शेवाळ. पिवळा टँग मासाहि चांगला चरतो, परंतु २०० लिटरांत त्याला कोंडणें बरें नव्हे.

शेवाळानेंच शेवाळास उपाशी ठेवण्याचीहि एक युक्ति आहे. शेजारच्या लहान टांकींत कीटोमॉर्फा नांवाचें, तारांच्या गुंडाळीसारखें शेवाळ वाढवावें, रात्रीं त्यावर दिवा लावावा आणि तें वाढेल तसें काढून टाकावें. याच कामीं कॉलर्पा कुळांतील शेवाळ कांहीं जण वापरतात. मी वापरीत नाहीं. त्यांतील टॅक्सिफोलिया ही जात १९८४ सालीं मोनॅको येथील सागरी संग्रहालयासमोरच्या समुद्रांत आढळली, आणि तेथून भूमध्य समुद्राच्या तळावर दूरवर पसरली. टांकींतलें शेवाळ वा पाणी समुद्रांत किंवा खाडींत कदापि टाकूं नये.

एवढ्यानें काम भागलें असतें. पण दोन महिन्यांत शेवाळ निम्म्यावर आलेलें पाहून मला उरलेल्या निम्म्याचा राग आला. लोहभस्माचे दाणे फॉस्फेट ओढून घेतात. सांगितल्याच्या दुप्पट दाणे मीं एकदम घातले. चार दिवसांत फॉस्फेट शून्य झालें, आणि या वेळीं तें खरोखरीचें शून्य होतें. हिरवे केंस पांढरे पडले. मला आनंद झाला. दहाव्या दिवशीं पोंवळ्यांचे रंग फिके दिसूं लागले, आणि मग बुडापासून मांस सुटून पांढरा सांगाडा उघडा पडूं लागला. त्यांच्या अंगांतील शेवाळासहि फॉस्फेट लागतें, हें त्या वेळीं मला आठवलें! रिकाम्या पडलेल्या खडकांवर तपकिरी, बुळबुळीत, हवेच्या बुडबुड्यांनीं भरलेल्या दोऱ्या लोंबूं लागल्या. रात्रीं त्या विरत आणि दिवसा पुन्हां येत. हे डायनोफ्लॅजेलेट. इतर सर्व जीव उपाशी पडले कीं यांचें फावतें, आणि यांच्या कांहीं जाती विषारी असतात. सहापैकीं चार गोगलगाई मेल्या. बारांपैकीं सहा पोंवळीं गेलीं.

दाणे काढून टाकले, पाणी बदलणें थांबविलें, आणि खाद्य दिवसाआडचें रोज, मग रोज दोनदां केलें. डायनोफ्लॅजेलेट हटण्यास तीन महिने लागले. थोडें हिरवें शेवाळ परत आलें; तें मीं राहूं दिलें.

ही सर्व हकीकत मीं दूरध्वनीवर आईला सांगितली आणि माझी चूकहि कबूल केली. पुढच्या उन्हाळ्यांत ती पुन्हां आली. मीं खुर्ची टांकीसमोर मांडून ठेवली होती, आणि “तुझ्या हाताला येईल तेवढें घाल,” असेंहि म्हटलें. तिनें घातलें, पण रोज, आधीं माझ्याकडून छोट्या चमच्याचें माप मागून घेऊन.