बाबांची कॅप्सूल आणि ११ मण्यांची रिंग

बाबांना नवी किडनी बसवून सहा वर्षं झाली. रोज दोनदा सायक्लोस्पोरिनची कॅप्सूल. एक वेळ चुकली तरी घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो.

मी कोड लिहिणारा माणूस. पण प्रश्न पडला, इन्सुलिन टोचावं लागतं, मग हे पेप्टाइड पोटात टिकतं कसं?

तर ही ११ अमिनो आम्लांची बंद रिंग आहे. सुटं टोकच नाही, पचनरस कुरतडणार कुठून? शिवाय ७ नायट्रोजनवर मिथाइल गट बसलेत, म्हणून ती पेशीत शिरते आणि सायक्लोफिलिनला चिकटते. ही जोडी कॅल्सिन्युरिनला अडवते. मग टी-पेशी नव्या किडनीवर तुटून पडत नाहीत.

ही करामत बुरशीची. माणसांनी काय केलं? २००९ मध्ये हाइनिस आणि ग्रेगरी विंटर यांच्या टीमने फेज विषाणूंवरच्या पेप्टाइडमधली तीन सिस्टीन एका छोट्या रेणूने बांधली. झाले दोन फास! असे अब्जावधी प्रकार टार्गेटवर सोडायचे, चिकटतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे. आमच्या भाषेत ब्रूट फोर्स सर्च.

बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "छान. आठ वाजले, कॅप्सूल दे."