पाण्याच्या सूत्रातील 'दोन'



घरातील नववीच्या मुलाला पाण्याचे सूत्र विचारा. पुस्तकातून मान वर न करता तो 'एच-टू-ओ' म्हणेल. मग विचारा, "यातले 'दोन' कोणी मोजले? अणू तर कोणाला दिसत नव्हते." मुलगा गप्प बसेल. त्यात त्याचा दोष नाही. याच प्रश्नाने युरोपातील भलेभले पन्नास वर्षे गोंधळले होते.

तराजू एवढेच सांगतो की, पाण्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग प्राणवायू असतो. १८०८ साली आपला ग्रंथ काढणाऱ्या डाल्टन यांनी अणू एकास एक धरले. मग प्राणवायूचा अणू हायड्रोजनच्या आठपट जड ठरतो. दोनास एक धरा, तोच सोळापट होतो! पाया असा हलला की त्यावरचे सारे अणुभार हलतात.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक यांना आढळले की, दोन मापे हायड्रोजन व एक माप प्राणवायू मिळून वाफ होते ती दोनच मापे. आता एका मापातला प्राणवायू दोन मापांत वाटायचा, तर त्याचा कण दुभंगला पाहिजे. अणू कसा दुभंगेल? डाल्टन यांनी ती मापेच मानली नाहीत.

इटलीतील आव्होगाद्रो यांनी १८११ साली उत्तर दिले: सारख्या आकारमानात, उष्णतामान व दाब सारखे असता, सर्व वायूंचे कण सारखेच, आणि प्राणवायूचा कण म्हणजे अणूंची जोडी. फुटते ती जोडी, अणू नव्हे. पण एकाच जातीचे अणू एकमेकांना धरतील कसे, असे म्हणून विद्वानांनी ते कानाआड केले. आव्होगाद्रो १८५६ साली वारले. पुढे १८६१ मध्ये केकुले यांच्या पाठ्यपुस्तकात एका ॲसेटिक आम्लाची, म्हणजे आपल्या शिर्क्यातल्या आंबटपणाची, एकोणीस सूत्रे छापलेली होती. विद्यार्थ्यांचे काय हाल झाले असतील!

हा घोळ मिटवण्यासाठी १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे परिषद भरली. निर्णय झाला नाही. मात्र निघताना एक लहान पुस्तिका वाटली गेली. कानित्सारो नावाच्या इटालियन प्राध्यापकाने जेनोआत आपल्या विद्यार्थ्यांना रसायन कसे शिकवतो, त्याचे ते टिपण होते. आव्होगाद्रोंचे म्हणणे धरले की अणुभार कसे जुळतात, हे त्यात पायरीपायरीने मांडले होते. लोथार मायर यांनी ती परतीच्या वाटेवर वाचली आणि त्यांच्या शंका फिटल्या. त्याच सभेत रशियाचे तरुण मेंडेलीव्हही बसले होते. सुधारलेल्या अणुभारांच्या क्रमाने मूलद्रव्ये मांडून त्यांनी १८६९ साली आपला तक्ता प्रसिद्ध केला.