रिपीटर उभारताना पैसा कुठे घालावा?



३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर संदेश पोचविण्याच्या कामी हौशी रेडिओचालकांनी हातभार लावला, हे आपणांस ठाऊक असेलच. डोंगराआडच्या गावांशी असा संपर्क ठेवायचा, तर उंच जागी रिपीटर लागतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर आलेला आवाज त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोराने पुढे पाठवितो.

आपल्या भागातील परवानाधारक मंडळी वर्गणीतून रिपीटर उभारणार असतील, तर सारा पैसा नव्या संचांवर घालू नये. गाडीत बसवायचे दोन वापरलेले व्हीएचएफ संच पुरतात. एक ऐकण्यासाठी, दुसरा प्रक्षेपणासाठी. २५ वॅटचा संच १० वॅटवर चालवावा, म्हणजे तो कमी तापतो व बॅटरी टिकते. हातात धरायचे स्वस्त संच टाळावेत. शेजारच्या प्रक्षेपणापुढे ते बहिरे होतात.

एकाच अँटेनावर दोन्ही कामे करण्यासाठी डुप्लेक्सर लागतो. तो आपल्या फ्रिक्वेन्सींवर जुळवून, तपासूनच घ्यावा.

कच्च्या पाटात पाणी मुरते, तशी हलक्या केबलमध्ये शक्ती मुरते. १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती वाया जाते. एलएमआर-४०० मध्ये सुमारे ३० टक्के.

खरेदीपूर्वी केंद्रीय दूरसंचार विभागाची परवानगी घ्यावी. या रेडिओवर व्यापारी संदेश देता येत नाहीत. तेव्हा आधी डुप्लेक्सर व केबल, मग उरलेल्या पैशांत संच, हा क्रम ठेवावा. पुराच्या रात्री फोन बंद पडले, तर हीच काटकसर उपयोगी पडेल.