गावी घर बांधण्याआधी

मुंबईचं बिऱ्हाड आवरून महाड-पोलादपूरकडे घर बांधायचं म्हणता, तर जागा गणपतीत पाहू नका. तेव्हा सगळंच हिरवंगार! आम्ही म्हणतो, मे महिन्यात या आणि विहिरीत डोकवा. मग डोंगराकडे बघा. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर दरड कोसळली, ८०हून जास्त माणसं गेली. उतारावर भेगा दिसल्या, झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं, की घर सोडायचं. भांडीकुंडी राहू देत. नदीचं पाणी कुठवर चढतं, ते जुन्या शेजारणींना विचारा. आगोटीला तांदूळ, मीठ, सुकी मासळी, कोरडी लाकडं घरात हवीत. रस्ता खचला की गॅसची गाडी येत नाही. आणि १०८ ला फोन करायचा, तर रेंज अंगणात मिळते की टेकाडावर जावं लागतं, तेही पाहून ठेवा.