आहेराची वही बंद करा
(यवतमाळ जिल्ह्यातील एका वधू-वर परिचय मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

मंडळी, मेळाव्याच्या अध्यक्षाने मुलामुलींना आशीर्वाद द्यावेत आणि खाली बसावं, अशी रीत आहे. आशीर्वाद मी देणारच आहे. पण त्याआधी इथे बसलेल्या आईबापांशी, मामा-मावश्यांशी आणि विशेषतः घरातल्या थोरल्यांशी माझं भांडण आहे. आपल्या लग्नांतला कपड्यांचा आहेर बंद झाला पाहिजे.

बस्ता बांधायला आपण यवतमाळला जातो, पुसदला जातो. नवरा-नवरीचे कपडे लवकर आटोपतात. दिवस जातो तो पाहुण्यांच्या यादीत. इतके टोपी-दुपट्टे, इतके ब्लाऊज पीस, विहिणीच्या जावेची साडी वेगळी, तिच्या नणंदेची वेगळी. दुकानदार आधीच विचारतो, ‘नेसायची दाखवू की देण्याघेण्याची?’ म्हणजे घेणारी ती नेसणार नाही, हे दुकानदाराला माहीत, आपल्याला माहीत आणि तिलाही माहीत! तो ब्लाऊज पीस उजेडात धरा, आरपार दिसतं. शिवायला मापात पुरत नाही. या कपाटातून त्या कपाटात फिरतो, त्याची घडी कधी मोडत नाही. आणि तो असतो पॉलिस्टरचा. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात आपण एकमेकांना पॉलिस्टर वाटतो, याची मला चीड येते.

हिशेब करा. दोनशे पाहुणे आणि माणशी शंभर रुपये धरले तरी वीस हजार होतात. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये होता. म्हणजे जवळपास तीन क्विंटल कापूस, बोंडाबोंडाने वेचलेला, कुणी न वापरायच्या कापडावर गेला.

आता दुसऱ्या बाजूलाही सुनावतो. शेतकरी लग्नाच्या खर्चापायी मरतो, असं सांगत फिरणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायकापोरांसह जीव दिला, तो शेती तोट्यात गेली म्हणून. पिकाच्या भावाचा जाब सरकारलाच विचारला पाहिजे, आणि तो मी विचारत राहीन. पण भाव आपल्या हातात नाही. आहेराची यादी मात्र आपणच लिहितो.

‘लोक काय म्हणतील?’ हे मला ऐकवू नका. पहिला सत्यशोधक विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च अगदी थोडा. त्या माणसांना लोक काय काय म्हणाले असतील! आपल्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा कीर्तनात हात जोडून सांगत होते की सणा-लग्नासाठी कर्ज काढू नका. त्यांचे फोटो आपण सभागृहात लावतो आणि सभागृहाबाहेर आहेराची वही उघडून बसतो. कुणी किती दिलं ते त्यात लिहायचं, उद्या तेवढंच परत करायचं. ही माया नाही, उधारी आहे. आणि तिचा ताण सगळ्यात जास्त पडतो तो घरातल्या गरीब भावावर, कारण श्रीमंत भावाच्या बरोबरीने त्याला उभं राहावं लागतं.

माझं मागणं मोठं नाही. पत्रिकेवर ‘आहेर देणार नाही, घेणार नाही’ असं छापा आणि पाळा. खटलं मोठं असेल तर सगळ्या काका-मामांनी मिळून ऐपतीप्रमाणे, नावं न लिहिता, एकच रक्कम मुलीच्या खात्यात टाकावी. मानपानावरून रुसणाऱ्याला समजवायला मी स्वतः येईन.

या ठरावाला ज्यांची संमती आहे त्यांनी हात वर करावेत. व्यासपीठावरच्या मंडळींनी आधी.