हार्वेस्टर विकत घ्यावा, की भाड्याने बोलवावा?



दसरा जवळ आला, की लातूर, हिंगोली, वाशीमकडच्या पारांवर एकच बोलणे चालते. सोयाबीनची पाने गळाली, शेंग वाजू लागली, आणि सोंगायला माणूस मिळत नाही. आभाळ भरून आलेले असते. अशा वेळी कोणीतरी म्हणतोच, "दरसाल लोकांच्या तोंडाकडं बघण्यापेक्षा आपणच एक हार्वेस्टर घेऊन टाकू!" म्हणणे खोटे नाही. पण त्या एका वाक्यामागे पंचवीस लाखांच्या घरातली रक्कम आणि बहुधा सातबाऱ्यावरचा बोजा उभा असतो. तेव्हा आज जरा पाटी-पेन्सिल घेऊन बसू या.

हार्वेस्टर एका फेरीत कापतो, मळतो, उफणतो आणि दाणे टाकीत भरतो. जे काम पूर्वी खळ्यावर पंधरा दिवस चाले, ते तो तासात उरकतो. म्हणून तर त्याच्यापुढे काम टाकत राहणे, हाच त्याच्या मालकाचा खरा धंदा होऊन बसतो.

आता तो किती कापतो ते पाहू. समजा, पात्याची रुंदी १४ फूट, म्हणजे सव्वाचार मीटर आहे, आणि यंत्र ताशी ३ किलोमीटरने चालते. नुसता गुणाकार केला तर तासाला सव्वातीन एकरांचा हिशेब निघतो. पण वळणे, टाकी रिकामी करणे, अडकलेला पाला काढणे यांत वेळ जातो. शंभरातला पासष्टवा हिस्सा हाती लागला, तरी पुष्कळ झाले. म्हणजे धरा, तासाला दोन एकर.

वावराचा आकारही इथे बोलतो, बरं का. २०० फूट लांब आणि २१८ फूट रुंद असे एक एकर घ्या. त्यात १६ फेऱ्या आणि १५ वळणे होतात. तेच एकर ४०० फूट लांब आणि १०९ फूट रुंद असेल, तर ८ फेऱ्या आणि ७ वळणे. कापायला लागणारा वेळ दोन्हीकडे सारखाच, साडेएकोणीस मिनिटांचा. परंतु एका वळणाला अर्धा मिनिट धरले, तर पहिल्या वावरात साडेसात मिनिटे वळण्यातच जातात आणि दुसऱ्यात साडेतीन. शिक्षक मंडळींनी हे गणित सातवीच्या मुलांना जरूर घालावे. त्यांच्या घरच्याच वावराचे माप घेऊन घालावे, म्हणजे पोरे उत्तर चुकू देणार नाहीत.

दिवसाचे तास तरी किती? सकाळी दव असते. ओली शेंग नीट फुटत नाही, पाला ड्रमला गुंडाळतो. दहा-अकराशिवाय यंत्र लावू नये. संध्याकाळपर्यंत सहा तास निव्वळ काम झाले, तर दिवसाचे बारा एकर. सोयाबीन वाळल्यावर फार दिवस थांबत नाही, शेंगा तडकतात. शिवाय परतीचा पाऊस आहेच. २०१९ च्या ऑक्टोबरात उभे पीक आणि सोंगून ठेवलेल्या सुड्या दोन्ही कसे भिजले, ते कोणी विसरलेले नाही. तेव्हा हंगामात कामाचे बाराच दिवस धरू. बारा गुणिले बारा, १४४ एकर. रब्बीत गहू-हरभऱ्याचे तितकेच मिळाले असे मानले, तर वर्षाचे २८८ एकर.

खर्चाकडे येऊ. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या भागातले घालावेत. किंमत २५ लाख, आयुष्य १० वर्षे, शेवटी मोडीचे अडीच लाख. म्हणजे झीज वर्षाला सव्वादोन लाख. गुंतलेल्या पैशावर सरासरीने दहा टक्के व्याज धरले, तर १ लाख ३७ हजार ५००. विमा आणि निवारा मिळून ५० हजार. बेरीज ४ लाख १२ हजार ५००. हा खर्च यंत्र शेडमध्ये झाकून ठेवले तरी होतोच. डिझेल, ड्रायव्हर आणि दुरुस्तीचे एकरी ८०० रुपये निराळे.

आता तीन भावांचे एक घर घ्या. वीस एकर रान, दोन हंगाम, म्हणजे चाळीस एकर कापणी. स्थिर खर्चच एकरी १० हजार ३०० च्या वर गेला! भाड्याचा दर एकरी २,००० धरला, तर स्वतःचे यंत्र पाचपटीहून महाग पडले. २,००० मधून ८०० वजा जाता १,२०० उरतात. त्यांनी ४ लाख १२ हजार ५०० ला भागा. ३४४ एकर आले. एवढे काम मिळाले तर खर्च जेमतेम निघेल, आणि गावात धरलेले काम तर २८८ चेच आहे. अनुदानामुळे किंमत १५ लाखांवर आली, तर हाच आकडा सुमारे २१९ वर उतरतो. मग विचार करायला जागा आहे, पण वीस एकरवाल्या घराला तेही आवाक्याबाहेरचे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सरासरी खाते १.३४ हेक्टरचे निघाले, म्हणजे साडेतीन एकरांच्या आतले.

मग पंजाबचे हार्वेस्टरवाले कसे टिकतात? ते हंगामाच्या मागे फिरतात. गहू आपल्याकडे आणि मध्य प्रदेशात आधी पिकतो, पंजाबात वैशाखीच्या सुमारास. दक्षिणेकडून कापत कापत ते घरी पोहोचतात. एकाच यंत्राला ते दोन-तीन प्रांतांचा हंगाम लावतात. तुम्ही ते करू शकाल का? महिनाभर घर सोडून, ड्रायव्हर-मिस्त्री सांभाळून? करू शकणारे आहेत. पण तो शेतीला जोडून केलेला निराळाच धंदा आहे, हे ओळखूनच त्यात उतरावे.

ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी एकत्र येऊन भाड्याने बोलवावा, किंवा गटाने अवजारे बँकेचा विचार करावा. लागून असलेल्या वावरांचा क्रम आधीच ठरवा; यंत्र शिवाराच्या या टोकाहून त्या टोकाला पळवू नका. अवघे गाव एकाच दिवशी पिकले, तर दोन यंत्रेही पुरणार नाहीत. थोड्या रानात लवकर येणारा जेएस ९५६० आणि बाकीच्यात उशिरा येणारा फुले संगम असे केले, तर कापणी आपोआप मागेपुढे होते. कोकणातल्या भातखाचरांत हे मोठे धूड वळतच नाही. तिथे लहान यंत्रे किंवा नुसते कापणी यंत्र बरे.

घरी बैल-म्हशी असतील, तर कुटाराचाही हिशेब करा. हार्वेस्टर ते रानभर उधळतो. सोंगून मळणी यंत्रावर काढले, तर ते ढिगाने हाती येते. बियाण्याचे सोयाबीनही हार्वेस्टरला देऊ नये. त्याची साल पातळ असते, जोराच्या माराने उगवण जाते. ते मळणी यंत्रावर ड्रमचे फेरे कमी ठेवून काढावे.

आणखी एक. भाडे एकरावर ठरले, की ड्रायव्हरला घाई असते. तासावर ठरले, की तो रेंगाळतो. मला विचाराल तर एकरावरच ठरवा, पण पहिल्या फेरीनंतर यंत्र थांबवून मागे जा. फूटभर लांबी-रुंदीची तारेची चौकट करून ती चार-पाच ठिकाणी टाका आणि खाली पडलेले दाणे मोजा. शंभर दाणे सुमारे १२ ग्रॅम भरतात. चौरस फुटात सरासरी चार दाणे सापडले, तर एकरी २१ किलो गेले. आठ सापडले, तर ४२ किलो. तेवढ्या सोयाबीनची बाजारभावाने किंमत काढा आणि भाड्यात मिळवा, म्हणजे खरा दर कळेल. दाणे जास्त दिसले, तर आधी वेग कमी करायला सांगा. मग पाते खाली घ्यायला लावा, कारण सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत असतात. ड्रायव्हर कुरकुर करील. करू द्या, चौकट त्याच्यासमोर टाका आणि दाणे त्यालाच मोजायला लावा.