कवंदी : जुन्या कापडातली ओळख



धारहून मांडूला जाणारा प्रवासी नालछा मागे टाकतो, तेव्हा त्याच्या मनात रूपमतीची कहाणी असते. परंतु १४६९ ते १५०० या काळात मांडूवर राज्य करणाऱ्या घियासुद्दीनाच्या पदरी पाचशे हबशी स्त्रियांचे रक्षकदल होते, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. आकडा उरला, त्या स्त्रियांचे मन मात्र कशात उमटले, हे कळावयास मार्ग नाही.

मराठी माणसाला हबशी ठाऊक आहे तो मलिक अंबर म्हणून, नाहीतर जंजिऱ्याचा सिद्दी म्हणून. तलवारीने नाव मिळविलेली ही माणसे. पण आपल्या सीमेलगत, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरच्या रानांत, आणखी एक सिद्दी समाज राहतो. पोर्तुगिजांनी यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना गुलाम करून गोव्यात आणले. संधी मिळताच पुष्कळांनी सह्याद्रीचे रान जवळ केले. मायभूमीची भाषा मागे पडली. ओठांवर कोकणी, मराठी, कानडी आली. धर्मही तीन झाले : हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती.

या समाजाच्या स्त्रिया कवंदी शिवतात. कवंदी म्हणजे आपली गोधडीच, किंवा वाकळ म्हणा. खाली जुने लुगडे अंथरावयाचे, एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने ठिगळे लावीत, धावदोरा घालीत मध्याकडे यावयाचे. कोणतीही कलाशाळा नाही, कागदावर आखणी नाही. लाल तुकड्याशेजारी पिवळा की निळा, याचा निवाडा डोळा करतो. कोणी क्रूस लावते, कोणी चंद्रकोर. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या त्रिकोणी चिंध्यांची फुले बसतात. त्यांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. ऊब तर त्या फुलांवाचूनही मिळाली असती! गरजेच्या पलीकडचे हे चार त्रिकोण, हीच कलेची सही होय.

२०११ मध्ये या कवंद्या न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात मांडल्या गेल्या. त्याआधी २००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला होता. शतकानुशतके या भूमीवर राहूनही ज्यांना 'तुम्ही कुठले?' हा प्रश्न चुकला नाही, त्यांच्यासाठी या गोष्टी लहान नव्हेत.

मात्र एक धोका दिसतो. वस्तूला गिऱ्हाईक मिळाले, की गिऱ्हाइकाची आवड मागावर आणि सुईवर बसते. उद्या कोणी कोऱ्या कापडाची, एकसारख्या रंगांची कवंदी मागेल. ती सुबक होईल, दोन पैसेही देईल, आणि ते पैसे त्या घराला हवेच आहेत. पण आजीचे लुगडे, बापाचा सदरा, लेकराचे झबले त्यात नसेल, तर ती कोणाची ओळख सांगणार?

आपल्याही घरी फडताळात एखादी गोधडी असेल. ती टाकून देण्यापूर्वी तिच्यातले एकेक ठिगळ कोणाच्या अंगावरचे, एवढे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे. त्या उत्तरांत घराचा इतिहास असतो, आणि तो अन्यत्र कोठेही लिहिलेला नसतो.